बटाट्याला बाटली नको!

भांडण कशावरून करावं याचे आमच्या भागात काही ठरलेले विषय आहेत. बांध, पाण्याची पाळी, उसाची तोड आणि सोसायटीची निवडणूक. या चौघांच्या बाहेर जाऊन कुणी भांडू लागला तर लोक त्याच्याकडे काळजीनं पाहतात. उकडलेल्या बटाट्यावर काय घालावं, या विषयावर मी गेली काही वर्षं भांडतो आहे. त्यामुळे माझ्याकडे लोक काळजीनं पाहतात. पाहोत बापडे! बांधाचं भांडण हातभर जमिनीचं असतं आणि ते कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहतं. माझं भांडण ताटातलं आहे, आणि ताटातल्या गोष्टीचा निकाल जेवण संपायच्या आत लागला पाहिजे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. उकडलेल्या बटाट्यात जे काही कालवायचं ते घरी करावं, दह्यात करावं, आणि दुकानातली ती पांढरी बाटली फडताळात आणू नये. एवढ्यावर ज्यांना पटलं त्यांनी पुढचा मजकूर वाचला नाही तरी चालेल. पण एका वाक्यात पटणारी माणसं मराठीत अजून जन्माला यायची आहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

मी राहतो डाळजला. पुण्याहून सोलापूरकडे निघालात आणि भिगवण मागं टाकलंत की इंदापूर यायच्या आत आमचं गाव लागतं. गाव म्हणजे गावं. डाळज नंबर एक, डाळज नंबर दोन आणि डाळज नंबर तीन. इतर गावांना खुर्द आणि बुद्रुक मिळालं, आम्हांला तुरुंगातल्या कैद्यांसारखे नंबर मिळाले. नावात डाळ असली तरी गावाचा सगळा भार उसावर आणि दुधावर. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. शेजारच्या पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. ते बिचारं उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येऊन दर्शन देतं. धरणानं पुष्कळांची घरंदारं नेली, आणि उरलेल्यांच्या शिवारात पाणी आणलं. पाण्यामागं ऊस आला, उसामागं वाढे आले, वाढे खायला जनावरं आली आणि जनावरांमागं दुधाचे कॅन आले. आता आमच्याकडं माणूस माणसाला भेटला की आधी ‘काय चाललंय?’ म्हणतो आणि त्याचं उत्तर यायच्या आत ‘फॅट किती लागली?’ म्हणतो. फॅट आणि एसएनएफ या दोन शब्दांवर आमचा भाव ठरतो, आमच्या पोराबाळांची फी ठरते आणि कधीकधी सोयरिकीसुद्धा ठरतात.

तर अशा या गावातून सकाळ-संध्याकाळ दूध भरून कॅन बाहेर जातात. आणि त्याच रस्त्यानं, त्याच टेम्पोच्या मागं-पुढं, पांढऱ्या बाटल्या गावात येतात. घरात म्हैस, गोठ्यात दोन संकरित गाई, शिंकाळं असतं तर त्यावर दह्याचं गाडगंही असतं, आणि नातू म्हणतो, “आबा, बटाट्यावर घालायला ते पांढरं सॉस आणा की!” ज्या घरातून रोज वीस लिटर पांढरं विकलं जातं, त्या घरानं दुकानातून पावशेर पांढरं विकत आणायचं, याला व्यवहार म्हणत असतील तर आपल्याला हिशेब शिकवणाऱ्या गुरुजींनी पगार परत करावा.

बरं, त्या बाटलीत असतं काय? आपल्याकडं वेष्टनावर घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची असा नियम आहे. म्हणजे जे जास्त ते आधी. हा नियम ज्या कुणी केला त्याचं मी रोज सकाळी स्मरण करतो. चष्मा पुसून बाटली उजेडाला धरा. बिनअंड्याच्या मेयोनेजवर सहसा पहिलं नाव खाद्यतेलाचं असतं. त्यामागून पाणी, साखर, स्टार्च, मीठ, मग घट्टपणा आणणारे, आंबटपणा सांभाळणारे आणि सगळ्यांना कुजण्यापासून वाचवणारे असे आकड्यांनी ओळखले जाणारे काही गृहस्थ. (आमच्या गावासारखेच. पण आम्ही निदान नंबराआधी ‘डाळज’ तरी लावतो.) म्हणजे तुम्ही दुधासारखं काही आणलंत असं समजता आणि आणता तेल. अमेरिकेत तर कायदाच आहे, की ज्याला मेयोनेज म्हणवून घ्यायचं असेल त्यात वजनाला निदान ६५ टक्के वनस्पतीतेल हवं. आमच्या म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश लागला तर मालक मिशीला पीळ देतो, इथं ६५!

आणि ते तेल तरी कुठलं? आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येतं. म्हणजे आमच्या गोठ्यातलं दूध टँकरमधून पुण्या-मुंबईकडं जाणार, आणि साता समुद्रांपलीकडचं तेल पांढरा झगा घालून आमच्या ताटात येणार. दुधाचा भाव रुपयाभरानं पडला की आम्ही रस्त्यावर येतो. ते बरोबरच आहे. पण संध्याकाळी घरी जाऊन बटाट्यावर बाटली पिळायची, हे काही बरोबर नाही. आपल्याच दुधाला आपल्याच ताटात जागा नसेल तर इतरांच्या ताटात त्याला मान मिळावा, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

आता या पदार्थाचं नाव. त्याला म्हणे ‘ड्रेसिंग’ म्हणतात. ड्रेसिंग म्हटलं की माझ्या पिढीला आयोडीन, कापूस आणि कंपाउंडरचा थंड हात आठवतो. एका लग्नात वाढणारा पोरगा माझ्याजवळ येऊन, “काका, ड्रेसिंग करू का?” असं म्हणाला तेव्हा मी आधी स्वतःचे गुडघे तपासले. मग कळलं की जखम बटाट्याला झाली होती.

त्या लग्नाचंही सांगतो. हमरस्त्यालगतच्या एका कार्यालयात बुफे होता. पूर्वी पान मांडलं की डावी बाजू ठरलेली असे. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं आणि कोशिंबीर. जेवणाऱ्याचं पोट उजव्या बाजूनं भरतं, पण जीभ डाव्या बाजूनं भरते. हल्ली डावी बाजू पानावरून उठून एका वेगळ्या टेबलावर जाऊन बसली आहे आणि तिला ‘सॅलड काउंटर’ म्हणतात. त्या काउंटरवर, बर्फात कोरलेल्या हंसाच्या शेजारी, एका काचेच्या भांड्यात बटाट्याच्या फोडी पांढऱ्या चिकट पदार्थात रुतून बसल्या होत्या. वर पाटी: ‘रशियन सॅलड’. मी एक चमचा तोंडात घातला. गोड! गुळमट गोड! बटाटा गोड, मटार गोड, अननसाचे तुकडे तर मुळातच गोड. ना आंबटाचा ठसका, ना तिखटाचा चटका. आमच्या टेबलावरच्या एका बाईंनी ते खीर समजून नातवाला भरवलं, आणि नातवानं ते खीर समजूनच खाल्लं.

रशियन सॅलडवरून रशियाला दोष देण्यात अर्थ नाही. १८६०च्या दशकात मॉस्कोत ‘हर्मिटेज’ नावाचं हॉटेल चालवणाऱ्या लुसियें ऑलिव्हिए या आचाऱ्यानं ते सॅलड प्रसिद्धीला आणलं. त्याची सारी ख्याती होती ती वरून कालवायच्या त्याच्या स्वतःच्या मिश्रणाची. ती कृती तो कुणाला सांगत नसे, असं म्हणतात. १८८३मध्ये तो वारला आणि कृतीही त्याच्याबरोबर गेली. आता बघा, ज्या पदार्थाचा जीव आचाऱ्याच्या हातातल्या मिश्रणात होता, त्याच पदार्थाच्या नावानं आज आपण कारखान्यातली बाटली उलटी करतो. ऑलिव्हिएचा आत्मा पिंपळावर असेल तर तो पिंपळ त्या कार्यालयाच्या मागच्या अंगालाच असणार.

खुद्द मेयोनेजशीही माझं वैर नाही. १७५६ साली फ्रेंचांनी मिनोर्का बेटावरचं माहोन बंदर घेतलं आणि त्यावरून हे नाव पडलं, अशी एक गोष्ट सांगतात. तिच्यावर वाद आहेत, असू देत. पण मूळ कृती मोठी प्रामाणिक आहे. अंड्याचा बलक घ्यायचा आणि घोटता घोटता त्यात तेल थेंबाथेंबानं सोडायचं. तेल आणि आंबट पाणी ही सख्ख्या भाऊबंदांसारखी. एकत्र नांदत नाहीत. बलकातलं लेसिथिन मध्ये पडून त्यांची दिलजमाई करतं. घाई केली की फुटतं. ज्या फ्रेंच आजीनं मनगट मोडेपर्यंत ते घोटलं तिला माझा दंडवत. मात्र कच्च्या अंड्याचा मामला आपल्या उन्हाळ्यात जपून करायचा. २०२४च्या ऑक्टोबरात तेलंगण सरकारनं आणि २०२५च्या एप्रिलात तमिळनाडू सरकारनं कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली होती, ती काही गंमत म्हणून नव्हे. माझं भांडण फ्रेंचांशी नाही, बाटलीशी आहे.

इथं आमच्यातला एखादा हुशार कॉलेजकुमार उठतो आणि विचारतो, “आबा, बटाटा तरी कुठं आपला?” प्रश्न रास्त आहे. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांनी दिलेला. एवढंच नाही, मिरची तिकडचीच आणि भुईमूगही तिकडचाच. म्हणजे एकादशीला आपण बटाटा, मिरची आणि दाण्याचं कूट घालून जी सोवळ्यातली कोशिंबीर खातो, तीत दही, जिरं आणि तूप वगळलं तर बाकी सगळं अमेरिका खंडांतलं! पांडुरंगाला हे माहीत आहे आणि त्याची काही हरकत नाही. मग माझी का असावी? परदेशातून आलेल्या माणसानं उंबऱ्याबाहेर पाय धुतले, घरात आला, पंगतीला बसला, उपासाला चालू लागला, तर तो घरचाच. बटाट्याला आपण फोडणी दिली, कूट लावलं, दह्यात घोळला. तो घरचा झाला. बाटलीला मात्र घरात येऊनही घरचं व्हायचं नसतं. तिच्यात तुम्हांला करण्यासारखं काही शिल्लकच ठेवलेलं नसतं. झाकण उघडा आणि दाबा. यात स्वयंपाक कुठला? टूथपेस्टही आपण अशीच काढतो.

दुसरा मुद्दा टिकाऊपणाचा. बाटली महिनोन् महिने टिकते. मान्य! पण टिकणं हा अन्नाचा गुण कधीपासून झाला? लोणचं टिकावं, पापड टिकावा, कोशिंबिरीनं का टिकावं? ती पंगतीला जन्मते आणि पंगत उठायच्या आत संपते. आमच्याकडच्या वैशाखात तर ती आयत्या वेळीच कालवावी लागते, नाहीतर दही आंबून वर येतं. यात गैरसोय आहे, पण ती गैरसोयच तुम्हांला ताजं खायला लावते.

तिसरा मुद्दा वेळेचा, आणि तो आमच्या सूनबाईंनी मांडला म्हणून त्याला वजन आहे. ती म्हणाली, “मामा, घरचं चांगलं, कबूल. पण करणार कोण? पहाटे धारा माझ्या, डबे माझे, त्यात तुमच्या बटाट्याचं लग्न मीच लावायचं का?” या मुद्द्यापुढं घरगुती पदार्थांचे भलेभले कैवारी गारद होतात. कारण ‘घरचं’ या शब्दाचा अर्थ पुष्कळ पुरुषांच्या लेखी ‘बायकांनी केलेलं’ एवढाच असतो. बाटली आयाबायांना आळशी करते अशी टीका करणाऱ्यानं स्वतः आयुष्यात एक मिरची चिरलेली नसते. आमच्या सौ.नी तर मी या विषयावर लिहितोय असं कळताच खोलीच्या दारातून सुनावलं, “अहो, लिहिणाऱ्यानं आधी दाणे भाजावेत!”

तर जाहीर करतो, की आमच्या घरी हे खातं माझ्याकडं आहे. दाणे मी भाजतो, सालं मी पाखडतो (अंगणात, वारा बघून), आणि दही मीच लावतो. म्हणून पुढची कृती पुरुषांसाठी लिहिली आहे. बायकांना ती येतेच.

रात्री दूध कोमट करावं. करंगळी बुडवून सोसेल इतपत. त्यात चमचाभर विरजण घालून ढवळावं आणि झाकून ठेवावं. सहा ते आठ तासांत दही लागतं, थंडीत जास्त वेळ. म्हशीच्या दुधाचं असेल तर सुरीनं कापण्याजोगं. पातळ वाटलं तर फडक्यात अर्धा तास टांगावं, चक्का होईपर्यंत नव्हे. आपल्याला श्रीखंड करायचं नाही. निथळलेलं पाणी कणीक भिजवायला द्यावं, म्हणजे घरात आपल्याविषयी बरं मत होतं.

बटाटे सालासकट, गार पाण्यात घालून उकडावेत. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात. सोलून फोडी कराव्यात आणि त्या गरम असतानाच त्यांवर मीठ आणि लिंबाचा रस शिंपडावा. गरम बटाटा पितो, गार झालेला नुसता ओला होतो. दक्षिण जर्मनीतले लोक बटाट्याच्या सॅलडवर शिरका आणि गरम रस्सा असाच ऊन फोडींवर ओततात. त्यांना हे कुणी डाळजहून कळवलेलं नाही, बटाट्यानंच सांगितलं. दही मात्र फोडी पूर्ण गार झाल्यावर. ऊन बटाट्यावर दही घातलं की ते फाटतं, आणि मग दोष म्हशीला मिळतो.

आता या सगळ्याचा प्राण: मोहरी. चमचाभर मोहरी वाटून तिची पूड करावी, थोडं गार पाणी घालून फेसावी आणि दहा मिनिटं झाकून ठेवावी. पाणी गारच हवं. मोहरीतला झणका हा तिच्या पोटातल्या दोन पदार्थांची पाण्यात गाठ पडली की तयार होतो. उकळतं पाणी घातलंत तर गाठ पडायच्या आत त्यातला एक मरतो, आणि आंबट आधी घातलंत तर तो सुस्तावतो. म्हणून आधी पाणी, मग धीर, मग दही. फोडणीत तडतडलेल्या मोहरीला हा झणका नसतो. तिचं काम वेगळं. फेसलेली मोहरी घोटलेल्या दह्यात मिसळावी, त्यात दोन चमचे जाडसर कूट, बारीक चिरलेली हिरवी मिरची, कोथिंबीर, चवीला चिमूटभर साखर. चिमूटभरच! साखर कारखान्यांच्या मुलखात राहतो म्हणून ती ओंजळीनं घालायची नाही. वरून हिंग-कढीलिंबाची फोडणी, जरा निववून. उपास असेल तर मोहरी-हिंग वगळून तुपात जिरं आणि मिरची. झालं. दही आणि बटाटे तयार असतील तर घड्याळी दहा मिनिटं. एवढ्या वेळात बाटली आणायला गेलेला माणूस पारावरून परत आलेला नसतो.

आणि हे प्रत्येक घरात निराळं होतं, हा त्याचा सगळ्यांत मोठा गुण. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७०मध्ये आली आणि वाट्या-चमच्यांचं माप घरोघर पोचलं. पण माप एक असलं तरी हात निराळे. एकाचं दही आंबट, एकाची मिरची जहाल, एकीच्या हाताला कूट जास्त पडतं. कुणाच्या कोशिंबिरीवरून ती कुणाच्या घरची हे ओळखता येतं. बाटलीची चव मात्र डाळज नंबर एकला, दोनला, तीनला आणि मॉस्कोला सारखीच. जिभेला घर ओळखता येईनासं झालं की माणसाला हॉटेल आणि घर यांत फक्त बिलाचा फरक उरतो. नातवाला सॉस आवडतो म्हणून मला दुःख नाही. त्याला आंबट, तिखट, झणझणीत हे शब्द पुस्तकात वाचून पाठ करावे लागतील, याचं आहे.

एवढं वाचूनही ज्यांना पटलं नसेल त्यांच्याशी मी वाद वाढवत नाही. त्यांनी फक्त मोहरी फेसावी, दह्यात कालवावी आणि पहिला घास नाकाच्या अंमळ जवळून न्यावा. डोळ्यांत टचकन पाणी आलं तर मी ते सहमतीचं समजेन. नाही आलं, तर पाणी बहुधा गरम घेतलं असावं. पुन्हा फेसा.